कामवाली दोन

एरंडवण्यातल्या एका बंगल्याचं गॅरेज.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यावर काळं कापड,
एक खुर्ची, एक माइक,
आणि काचेपलीकडे ईशान,
ज्याला माझ्या तोंडून ‘पानी’ हवंय.

पडद्यावर बाई येते. पदर खोचलेला,
रंग मेकअपने दोन छटा उतरवलेला.
ती आली की मागे पिपाणीसारखं काहीतरी वाजतं,
म्हणजे लोकांना कळावं, आता हसायचं.
कागदावर तिला नाव नाही. कामवाली दोन.
कामवाली एक गेल्या महिन्यात गावाला गेली.
तिलाही नव्हतं.

मी म्हटलं, पाणी आणू का, वहिनी?
ईशान म्हणाला, ताई, फारच शुद्ध झालं.
जरा कच्चं हवंय. मातीतलं.
तुम्ही ऐकलं असेल ना कुठेतरी?

ऐकलंय.
दांडेकर पुलाशी, पहाटे चारच्या नळावर,
पानी आलं, पानी गेलं, पानी भरलं का गं,
घरात दुसरा शब्दच नव्हता त्याला.
मग पाचवीत आपटे बाई भेटल्या.
हातात पट्टी नसायची. प्रेमळ होत्या,
म्हणून तर त्यांचं ऐकावं लागलं.
जीभ वर ने. टाळूला. अजून मागे. आता सोड.
अख्खा उन्हाळा मी ण सोडत राहिले.
बाण, वेणी, लोणी, गहाण.
लोणी आमच्याकडे नव्हतं, गहाण पुष्कळ.
आईनं विचारलं, दाढ दुखतीय का तुझी?

सातवा टेक. आठवा.
अकराव्याला मी पानी म्हटलं
आणि ती नक्कल निघाली,
माझ्याच आईची, आणि वाईट.
ईशानने काचेतून अंगठा दाखवला.

आई ही मालिका चुकवत नाही.
कामवाली दोन आली की डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसते.
परवा हसता हसता थांबली.
कुठली गं ही बाई?
आपल्याकडची न्हाई वाटत.
असं कोन बोलतंय?
मी भाकरीचा तुकडा मोडला,
मग त्याचाही तुकडा मोडला.

एकशे बाराव्या भागात कामवाली दोनने बांगडी चोरली.
मला माहीत नव्हतं, आम्हाला पुढचं पान देत नाहीत.
त्या दिवशी फक्त एक श्वास मागितला होता,
दबका, दाराआडचा.
मी दिला. एका टेकमध्ये.

दुसऱ्या दिवशी प्रभात रोडला,
आई चौदा वर्षं जिथे केर काढते,
तिथल्या वहिनी काही बोलल्या नाहीत.
उलट चहात दूध जास्त होतं.
फक्त कपाटाची किल्ली,
जी कायम फ्रिजवर असायची बशीत,
ती नव्हती. बशी होती.
आईनं मला हे असं सांगितलं,
जसं कुणी सांगावं की बसचा थांबा हलवलाय.
इसरत असतील, म्हणाली. वय झालं त्यांचं.

तो श्वास माझा होता, हे मी सांगितलं नाही.
तोंड उघडलं होतं. मग जांभई दिली.

रात्री मोरीत नळ चालू,
आई भांडी विसळतेय आणि एकटीच पुटपुटतेय.
पान. पाण. पा… नी.
पुन्हा पहिल्यापासून.
चौदा वर्षांत नाही, आज.
जीभ कुठे लावायची हे तिला कुणी सांगितलेलं नाही.
मी उंबऱ्यात उभी होते,
मला ते नेमकं, अगदी बोटभर अंतरानं माहीत होतं.
ताटं पुसायला घेतली फक्त.

उद्या सकाळी सातला एकशे तेरावा.
कामवाली दोन पोलीस चौकीत, रात्रभर बसवलेली.
एकच वाक्य आहे तिला, घसा कोरडा हवा, असं लिहिलंय.
सायेब, पानी.
आई झोपली.
मी कोमट पान्यात मीठ टाकून
गुळण्या करतेय.